मशीन घर ओळखत नाही

मी भित्री आहे. बसमध्ये कंडक्टर जवळ आला की तिकीट हातात असूनही माझी छाती धडधडते. नववीत शाळा सुटली, मग लग्न, मग बाळ, सगळं कसं एका दमात झालं, आणि अशा बाईला एक दिवस उचलून कॉम्प्युटरपुढं बसवलं, तर तिचं काय होईल? मी पदराला हात पुसत राहिले आणि मॅडम म्हणाल्या, "अगं, ते चावत नाही."

आमच्या ब्राह्मणपुरी गावाच्या बाजूला रस्त्यावर पत्र्याची मोठी शेड आहे, केळीचं पॅकहाऊस. शेतातून घड येतात, बाया फण्या कापतात, टाकीत धुतात, खोक्यात भरतात, मग खोकी कोल्डरूममध्ये थंड होतात आणि तिथून ट्रकमध्ये चढतात. मी आधी टाकीवर होते. कोपरापर्यंत पाण्यात हात, अंगावर केळीचा चीक, त्याचे डाग मरेपर्यंत जात नाहीत. तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. पण बाळ झाल्यावर टाकीवर परत गेले आणि रडकुंडीला आले. बाळ घरी सासूजवळ, त्याला वरचं दूध पचेना, आणि इकडं माझा ब्लाऊज दुधानं भिजून जायचा, बाया बघायच्या आणि बघितलं नाही असं करायच्या. बाळाच्या मांड्या बारीक झाल्या. सासू म्हणाली, "काम सोडी दे." माझ्या नवऱ्याच्याही मनात तेच होतं, हे मला कळलं.

तेव्हा मॅडमनी मला ऑफिसात घेतलं. मॅडम म्हणजे पॅकहाऊसचं कॉम्प्युटरचं सगळं बघणारी बाई, धडगावकडच्या डोंगरातली, घरी पावरी बोलणारी, शहरात शिकून आलेली, वयानं माझ्याएवढीच असेल. खोक्यावरच्या स्टिकरचे आकडे मी न चुकता वाचते हे त्यांनी कधीतरी बघून ठेवलं होतं. ऑफिस म्हणजे कोल्डरूमला लागून एक खोली. छताला लोखंडी पाइप. मॅडम वर बघून म्हणाल्या, "इथं झोळी बांधता येईल की."

मी त्या पाइपाकडं बघितलं आणि लगेच हो म्हणाले. कॉम्प्युटरला हो म्हटलं नव्हतं, झोळीला म्हटलं होतं.

म्हणून सांगते, त्या खुर्चीवर माझा जीव होता. खुर्ची गेली की झोळी गेली, झोळी गेली की एकतर काम सुटणार नाहीतर बाळाचं दूध तुटणार. दुसरं काही नव्हतं मधे.

काम तसं अवघड नव्हतं. स्क्रीनवर तीन चौकोन. एक वजनाचा, कोणाच्या शेताची किती खोकी ते त्यात टाकायचं. एक कोल्डरूमचा, थंडावा किती ते टाकायचं. आणि एक गाडीचा, कोणत्या ट्रकमध्ये काय चढलं ते. मला वाटलं तीन कुलपं असतील, तीन पासवर्ड असतील, माझ्या डोक्यात एक राहत नाही तर तीन कुठून राहणार. पण मॅडम म्हणाल्या, नाही, एकच नाव, एकच पासवर्ड. सकाळी पहिल्या पानावर नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, मोबाइलवर ओटीपी येतो तो टाकायचा, बस. मग तिन्ही चौकोन आपोआप उघडतात, परत कोणी विचारत नाही.

मला ते फार आवडलं. एकदा सांगितलं की झालं. दारोदार सांगत बसायला नको मी कोण ते.

निघताना काय करायचं तेही शिकवलं होतं. वजनाच्या पानावर वर कोपऱ्यात 'बाहेर पडा' असं बटण आहे, ते दाबायचं. मी रोज दाबत होते. हे लक्षात असू द्या.

दुपारच्या पाळीला माझी जेठाणी बसायची. आम्ही दोघी एकाच घरच्या सुना, मी तिला भाभी म्हणते. ती माझ्याआधी या घरात आली, माझ्याहून जास्त शिकली, बारावी पास, पण तिला कॉम्प्युटरचा राग. रागाचं कारण ओटीपी. तिच्या नावाचा ओटीपी जेठांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, मोबाइलवर जायचा, कारण कागदपत्रं दिली तेव्हा घरातला नंबर म्हणून तोच दिला होता. आणि जेठ असायचे शेतात, ट्रॅक्टरवर. भाभी रोज दुपारी ऑफिसच्या दारात उभी राहून आमच्या टाकीवरच्या बायांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायची.

"अहो, तो आकडा सांगा... आकडा! मेसेजमा आकडा येल शे ना? ... अहो, ट्रॅक्टर बंद करा पहिले!"

बाया हसायच्या. एक म्हणायची, "भाभी, आकडा लगीननी तारीख शे का, इतली वरडी ऱ्हायनी?"

"तुन्हा नवराले फोन लाव मंग, तो सांगी," भाभी म्हणायची, आणि तोवर ओटीपी शिळा व्हायचा, परत पहिल्यापासून.

आता आमच्या घरची एक पद्धत सांगते. आमच्याकडं जावांची चूल एक. सकाळी एकीचा स्वयंपाक झाला की ती चूल विझवत नाही, निखारे सारून ठेवते, दुसरी येईल तिला परत फुंकत बसायला नको म्हणून. विझवली तर सासू बोलते, "दुसरीना इचार कर की नही?" गॅस आला तरी पाणी तापवायला अजून चूल आहे आणि ही पद्धतही आहे. ऑफिसात मी आधी निघताना कॉम्प्युटर बंद करायचे, पण मग वाटलं, इथंही चुलीसारखंच ठेवावं. वजनाचं 'बाहेर पडा' दाबायचं, ते सांगितलेलं काम. पण बाकी कॉम्प्युटर तसाच चालू, ती चौकोनांची खिडकी तशीच उघडी, खुर्ची पुसलेली. भाभी येईल, तिला सोपं जाईल.

तसं पहिल्यांदा ठेवलं त्या दिवशी बाळाची लस होती, म्हसावदच्या दवाखान्यात. मी पाळी संपताच निघणार होते, भाभी अजून आली नव्हती, जीप निघून जाईल म्हणून मी नुसती धावपळ करत होते. बटण दाबलं, झोळीतून बाळ काढलं, पिशवी घेतली, पळाले. जीपमध्ये बाळ शी करून बसलं. लस दिल्यावर किंचाळलं, मग गप्प झालं, आणि त्याचं गप्प होणं मला किंचाळण्याहून जास्त भीतीचं वाटलं. घरी येईपर्यंत अंग तापलं. नर्सबाईंनी सांगितलं होतं ताप येतो, घाबरायचं नाही. पण माझ्या जिवाला ते कोण सांगणार.

दुसऱ्या दिवशी बाळाचा ताप उतरलेला होता, मी आनंदानं कामावर गेले. मॅनेजर साहेब ऑफिसात उभेच होते. ते आमच्याच भागातले, शेतकरी घरातले, एरवी आमच्यासारखंच बोलतात. पण रागावले की पुस्तकातली मराठी बोलतात. त्या दिवशी पुस्तकातलीच बोलले.

"काल दुपारी दोन शेतकऱ्यांच्या मालाचे नंबर अदलाबदल झाले आहेत. याचा माल त्याच्या नावावर, त्याचा याच्या नावावर. ट्रक भरलेला होता, सगळी खोकी उतरवून स्टिकर बदलावे लागले. बायका अंधार पडेपर्यंत थांबल्या. नोंद तुझ्या नावाची आहे."

मी म्हणाले, "साहेब, दुपारी मी नव्हते. म्हसावदला होते, लशीला."

"तेच विचारतो आहे. तू नव्हतीस, तर तुझ्या नावानं आत कोण गेलं? तू पासवर्ड कोणाला दिलास?"

पासवर्ड दुसऱ्याला दिला की मशीनवरून काढायचं, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी दिला नव्हता. देवाशपथ दिला नव्हता. पण दुपारी खुर्चीवर कोण असतं ते सगळ्यांना माहीत. मी दिला नाही म्हटलं तर भाभीनं चोरला असं होणार. दिला म्हटलं तर माझी खुर्ची गेली. मी बाळाला घट्ट धरलं आणि ते कुरकुरलं. मनात एकच आलं, झोळी गेली. मी वरच्या पाइपाकडं बघितलं. झोळीची दोरी अजून तिथं लोंबत होती.

साहेब म्हणाले, "गप्प राहून भागणार नाही."

तेवढ्यात दारात भाभी. तिची पाळी दुपारची, सकाळी ती खोकी मोजायच्या टेबलावर असते, तिथून आमचं सगळं ऐकू जातं. हातमोजे तसेच घातलेले, मोज्यांवर चीक. ती सरळ आत आली.

"साहेब, ती नोंद मी करेल शे. नंबर मन्हाकडून चुकना. हिना काही दोष नही."

"म्हणजे हिनं तुला पासवर्ड दिला."

"हिनी दिधा नही, मी मांगा नही. ते आपोआप उघडनं."

साहेब हसले, पण चांगलं नाही हसले. "आपोआप! पासवर्ड न टाकता? मशीनला काय स्वप्न पडलं?"

"माले वाटनं मशीननी आपलं घर वळखं," भाभी म्हणाली. "वर कोपरामा आपलंच आडनाव व्हतं ना. मंग मी म्हनं, चांगलं व्हयनं, आते ट्रॅक्टर बंद करानी गरज नही."

बाहेर टाकीवर कोणीतरी फिस्सकन हसलं. मला हसू आलं नाही. कारण मला माहीत होतं, माझ्या जागी असते तर मीही तेच समजले असते. आमच्याकडं दूध घालायला जातो तेव्हा किटली नेतो, त्या किटलीवर सासऱ्यांचं नाव ठोकलेलं आहे. किटली मी नेली काय, भाभीनं नेली काय, डेअरीवाला तोंड बघत नाही, नाव बघतो आणि दूध घराच्या खात्याला लावतो. आमचं सगळं असंच आहे. मला गावात कोणी माझ्या नावानं ओळखत नाही, अमक्यांची धाकटी सून म्हणून ओळखतात. मग मशीननं घर ओळखलं तर त्यात भाभीला नवल का वाटावं?

साहेबांना नवल वाटलं. ते म्हणाले, "दोघी एक होऊन सांगताय. मी दोघींनाही खाली पाठवतो. टाकीवर माणसं कमीच आहेत."

मी "साहेब, बाळ..." म्हणाले.

मग मॅडम आल्या. गाडी लावून नुकत्याच आल्या होत्या, हेल्मेट हातात. त्यांनी सगळं ऐकलं. साहेबांना म्हणाल्या, "एक मिनिट थांबाल? यांना परत करून दाखवू दे. जसं काल केलं तसं. कोणाला काढायचं ते मग ठरवू."

साहेब खरं तर जायला निघाले होते. पण थांबले. त्याचंही मी देणं मानते, कारण मोठ्या माणसाला रागात थांबणं जड जातं.

मी बाळ भाभीकडं दिलं आणि खुर्चीवर बसले. पासवर्ड चुकला, परत टाकला, ओटीपी आला, टाकला. चौकोन उघडले. वजन उघडलं. मग कोपऱ्यातलं 'बाहेर पडा' दाबलं. 'आपण बाहेर पडला आहात' असं आलं.

"बघा," मी म्हणाले, "मी दाबते. रोज दाबते."

"आता तू उठ. भाभी, तुम्ही बसा, काल केलं ते करा."

भाभीनं बाळ माझ्याकडं दिलं, हातमोजे काढले, बसली. परत चौकोनांच्या खिडकीवर गेली आणि वजनाच्या चौकोनावर बोट मारलं. पान क्षणभर पांढरं झालं. मग उघडलं. कोणी काही विचारलं नाही. कोपऱ्यात आमचं आडनाव. त्यापुढं नाव असतं, पण ऑफिसचा स्क्रीन जुना, छोटा, नाव त्यात मावतच नाही.

साहेब वाकून बघायला लागले. "पण ती तर बाहेर पडली होती."

"वजनातून पडली," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या पानातून नाही."

त्यांनी एक रिकामं खोकं ओढलं आणि मार्करनं त्याच्यावरच चौकोन काढले. वर एक मोठा, खाली तीन. मला ते चित्र अजून डोळ्यापुढं दिसतं.

"हे वजनाचं पान," त्या म्हणाल्या, "ह्याला तू कोण ते माहीत नाही. तुझा पासवर्ड ह्याच्याकडं नाहीच, कधी नव्हता. तू दारात आलीस की हे तुला वरच्या ह्या पहिल्या पानाकडं पाठवतं. म्हणतं, आधी तिथून ओळख आण. पहिलं पान नाव विचारतं, पासवर्ड विचारतं, ओटीपी विचारतं. पटलं की तुझ्यासाठी एक चिठ्ठी बनवतं, त्यावर आपला शिक्का मारतं. ती चिठ्ठी घेऊन तू परत वजनाकडं येतेस. वजन नुसता शिक्का बघतं. खरा आहे ना, मग ये आत."

"मी कोठे गयी न उनी?" भाभी म्हणाली. "मी ते खुर्चीवरच व्हतू."

"तुमच्या वतीनं कॉम्प्युटर पळतो. पापणी लवायच्या आत. वर पत्त्याची पट्टी आहे ना, तिथं बघत राहा, अक्षरं पटकन बदलतात." त्यांनी परत करून दाखवलं. खरंच, अक्षरं बदलली, परत बदलली. मी रोज समोर बसत होते आणि कधी बघितलं नव्हतं.

"आणि कोल्डरूम?" मी विचारलं. माझा आवाज निघाला याचं मलाच नवल वाटलं.

"कोल्डरूमही तेच करते. तीही म्हणते, ओळख आण. तू परत पहिल्या पानाकडं. पण तू सकाळीच तिथं ओळख दिलेली आहे, आणि त्या पानानं इथं ह्या कॉम्प्युटरमध्ये एक खूण ठेवून दिली आहे, की ही बाई येऊन गेली. खूण दिसली की ते परत विचारत नाही, लगेच नवी चिठ्ठी काढून देतं. म्हणून तुला एकदाच सांगावं लागतं."

मग त्यांनी वजनाच्या चौकोनावर काट मारली. "आता तू इथं 'बाहेर पडा' दाबलंस. वजन तुला विसरलं. पण वरची खूण तशीच आहे. भाभी आल्या, वजन म्हणालं ओळख आणा, पहिल्या पानानं खूण बघितली, आणि चिठ्ठी दिली. कोणाच्या नावाची? जिची खूण होती तिच्या नावाची."

भाभी खोक्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "म्हनजे आपली डेअरीनी किटली."

मॅडमना किटलीचं माहीत नव्हतं. भाभीनं सांगितलं. मॅडम हसल्या, "हो, बरंचसं तसंच. चिठ्ठी जिच्या हातात, तिला आत घेतात. म्हणून ती जपायची. पण किटलीपेक्षा ही कडक आहे. एका चौकोनाची चिठ्ठी दुसऱ्या चौकोनाला चालत नाही. डेअरीची किटली घेऊन किराणावाल्याकडं गेलात तर तो हाकलेल ना, तसं. आणि ती टिकत नाही. ठरलेला वेळ झाला की निकामी होते."

"नासस," भाभी म्हणाली.

"नासते. आणि मुख्य म्हणजे तिच्यावर घराचं नाव नसतं. एका माणसाचं असतं. काल माल कोणी चढवला, हे खोकी परदेशाच्या बंदरावर पोचली तरी विचारता आलं पाहिजे. घरातलं कोणीतरी, असं उत्तर चालत नाही. मशीन घर ओळखत नाही, भाभी."

भाभीनं मशीनकडं बघितलं. "बिचारी," ती म्हणाली.

ह्यावर साहेब हसले. ह्या वेळेला चांगलं हसले. आणि आमच्याच भाषेत बोलले. "बरं, मंग आते काय करानं?"

मॅडमनी जे सांगितलं त्यातला एक शब्द मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, पहिल्या पानातून कसं बाहेर पडायचं ते मी ह्यांना शिकवलंच नव्हतं. ते राहून गेलं माझ्याकडून. एका कॉम्प्युटरवर दोघी बसणार हे माहीत असून." त्यांना ते म्हणायची गरज नव्हती. आमच्यावर ढकललं असतं तर आम्हाला कळलंही नसतं.

साहेबांनी शहरातल्या मोठ्या ऑफिसला फोन लावला. बाहेर जाऊन बोलत होते, शेडच्या त्या टोकापर्यंत जात होते आणि परत येत होते. मी ऑफिसात उभी. बाळाला भूक लागली होती, ते माझ्या खांद्याला तोंड लावत होतं. मी बसले नाही. खुर्ची माझी आहे की नाही तेच ठरत होतं, मग तिच्यावर बसून पाजायचं कसं?

भाभीला मी म्हणाले, "तुम्ही कशाला आल्या मधे? मला काढलं असतं, तुमचं तरी राहिलं असतं."

"आणि घरी गयी असती ते तू रडत बठनी असती, आणि सैपाक माले करना पडता," ती म्हणाली. मग बाळाच्या पायाला हात लावून बघितला. "ताप उतरना का ह्याना?"

"उतरला."

"मंग झालं."

एवढंच बोलली. तेव्हा म्हणायचं राहिलं ते आता लिहिते. मी गप्प उभी होते तेव्हा ती आत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिचं नाव कोणीच घेतलं नव्हतं, मशीननंही नाही. नोंदीत तर माझंच नाव होतं, ती टेबलावर खोकी मोजत राहिली असती तर तिला कोणी काही करू शकलं नसतं. मशीन तिला ओळखत नव्हती आणि ती म्हणाली, मी होते. जावा-जावांचं कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे, आमचंही भांडण होतं, आंघोळीच्या पाण्यावरून होतं, सासूच्या एका शब्दावरून होतं. पण त्या दिवसानंतर तिच्याशी भांडताना माझा आवाज मधेच बसतो.

मॅडम तोवर भाभीच्या मागं लागल्या होत्या. "तुमचा स्वतःचा फोन नाही का?"

"शे ना. बटनना शे. कपाटमा ठेयेल शे."

"त्यावर मेसेज येतो ना? मग झालं. तो नंबर लावू. उद्या आणा."

"आणि ह्यासले काय सांगू? ते इचारतीन, आकडा कसाले नही मांगत आते?"

"सांगा, ट्रॅक्टर चालवा निवांत."

बाहेरच्या बाया ऐकतच होत्या. एक ओरडली, "भाभी, मंग आमनं करमणूकनं काय?"

"तुमले रोज एक शिवी देसू," भाभी म्हणाली.

साहेब आत आले. फोन खिशात ठेवत म्हणाले, "दोघी जिथं होत्या तिथंच राहतील. पण यापुढं जाताना पहिल्या पानातून बाहेर. मी स्वतः बघणार. आणि नंबर चुकला त्याचं..." त्यांनी भाभीकडं बघितलं.

"आज संध्याकाळी मी थांबसू. दोन्ही शेतकरीसना माल मीच परत मोजसू."

"हं." आणि ते गेले. जाताना झोळीच्या दोरीला डोकं लागू नये म्हणून वाकले.

मॅडमनी मला पहिल्या पानातलं बाहेर पडायचं बटण दाखवलं, खाली, माझ्या कधी लक्षात न आलेल्या जागी. ते दाबलं की खूण पुसली जाते आणि तिन्ही चौकोनांना निरोप जातो की ही बाई गेली. शिवाय त्यांनी असंही करून ठेवलं की थोडा वेळ कोणी हात लावला नाही तर ते स्वतःच विसरून जाईल. "कधी घाईत राहिलं, बाळ रडलं, जीप आली, तर?" त्या म्हणाल्या. माझी जीप त्यांच्या लक्षात होती! कोपऱ्यात आडनावाऐवजी नाव येईल असंही केलं. मग तिथं माझं नाव आलं. लग्नाआधीचं नाही, नंतरचंही नाही, नुसतं माझं. मी त्याच्याकडं जरा जास्तच बघत बसले असेन, कारण मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे ना? स्पेलिंग?"

"बरोबर आहे."

मी अजून भिते. पासवर्ड टाकताना इकडंतिकडं बघते. आता तर जास्त भिते, कारण तिन्ही दारांची किल्ली एकच, ती गेली की तिन्ही गेली, हे कळलंय मला. पण ही भीती निराळी आहे. किटली कशी जपून आणतो, सांडू नये म्हणून, तशी.

त्या सकाळी सगळे गेल्यावर मी खुर्चीवर बसले, पदर घेतला आणि बाळाला पाजलं. ते असं प्यायलं जसं काही झालंच नव्हतं. मला मात्र तेव्हा रडू फुटलं, सगळं संपल्यावर, आवाज न करता, हुंदके दाबून. बाळ पीत होतं आणि माझं पोट हलत होतं म्हणून ते एकदा थांबून वर बघायला लागलं.

पलीकडच्या टेबलावरून भाभी मान न वळवता म्हणाली, "आते कसाले रडी ऱ्हायनी? त्या बटनंसवर पानी पडी. मंग म्हनशी, मशीन आपोआप बंद पडनी."